लोककथा शिकवताना सांगणारीचे नाव विसरू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एक पत्र प्रसिद्ध झाले. ग्रामीण महाविद्यालयांत लोकसाहित्याच्या तासाला रशियन आणि सर्बियन कथा सांगणे हा वेळेचा अपव्यय आहे, कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतल्या मुलांना पोटाला लागेल असे शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवले आणि लोकसाहित्य शिकवताना स्लाव्ह लोकांच्या कथा-गीतांचा आधार मुद्दाम घेतला, म्हणून या पत्राला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. पत्रलेखकाला वाटणारी रोजगाराची काळजी खरी आहे. पदवी हातात घेऊन पुन्हा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारी माझी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. परंतु त्या काळजीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्या घरातल्या आणि गावातल्या बायांजवळ जे ज्ञान आहे, ते ज्ञान म्हणून ओळखायला विद्यार्थ्यांनी शिकावे, यासाठीच मी त्या कथा वर्गात आणल्या होत्या.

आज लोकसाहित्य बहुतेक ठिकाणी कसे शिकवले जाते, ते आधी सांगितले पाहिजे. लोकसाहित्याची व्याख्या, प्रकार आणि वैशिष्ट्ये गाइडमधून पाठ करून घेतली जातात. दंडार, खडी गंमत, डहाका, गोंधळ यांची माहिती येते आणि ती यावीच. पण हे सारे मुख्यतः पुरुषांनी चारचौघांसमोर सादर करायचे प्रकार आहेत. बायांचे जे जे आहे, म्हणजे जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, हळदीची गाणी, पाळणे, उखाणे आणि श्रावणातल्या कहाण्या, ते एका परिच्छेदात नावे मोजून संपते. ज्या मुलीच्या घरी आजी अजून ओव्या म्हणते, ती मुलगी परीक्षेत ओवीची व्याख्या लिहून गुण मिळवते आणि घरी जाऊन आजीला एक शब्दही विचारत नाही. आजीजवळ जे आहे तेच आपल्या प्रश्नपत्रिकेत आले होते, हे तिच्या ध्यानातच येत नाही. यात त्या मुलीचा दोष नाही. आपण तिला तसेच शिकवले आहे.

स्लाव्ह म्हणजे रशियन, युक्रेनियन, बेलारुसी, पोलिश, चेक, स्लोव्हाक, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, बल्गेरियन अशा भाषाभगिनींचा मोठा परिवार. एकोणिसाव्या शतकात यांतले बरेच समाज दुसऱ्याच्या साम्राज्यात राहत होते, शाळेची आणि कचेरीची भाषा वेगळी होती आणि शेतकऱ्याच्या बोलीला कोणी किंमत देत नव्हते. सर्बियाच्या वुक कराजिच यांनी 1814 साली व्हिएन्नामध्ये आपला पहिला लोकगीतसंग्रह छापला आणि 1818 साली लोकांच्या तोंडच्या भाषेचा कोश प्रसिद्ध केला. जसे बोलता तसे लिहा, हा त्यांचा आग्रह होता आणि आजची लिखित सर्बियन त्याच पायावर उभी आहे. चेक लेखिका बोझेना नेम्त्सोव्हा यांनी चेक आणि स्लोव्हाक कथा गोळा केल्या, एका खेडवळ आजीला नायिका करून 1855 साली ‘बाबिच्का’ ही कादंबरी लिहिली, आणि आज त्या देशाच्या पाचशे क्राउनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने वर्गात तोंड उघडले की हसू येणाऱ्या आपल्या शाळा-महाविद्यालयांनी हा इतिहास वाचण्यासारखा आहे. तुझ्या आजीच्या बोलीतून एका देशाची प्रमाणभाषा घडू शकते, असे त्या मुलाला कोणी तरी सांगायला हवे.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते या अभ्यासकांचे काम आणि त्या कामातल्या उणिवा. अलेक्सांद्र अफनास्येव यांनी 1855 ते 1863 या काळात रशियन लोककथांचा मोठा संग्रह आठ भागांत प्रसिद्ध केला. त्यात सहाशेच्या आसपास कथा आहेत आणि त्यांतल्या फार थोड्या त्यांनी स्वतः ऐकून लिहिल्या. बाकीच्या रशियन भौगोलिक संस्थेच्या संग्रहातून आणि कोशकार व्लादिमीर दाल यांच्याकडून आल्या. पुढे अफनास्येव यांची नोकरी गेली, पुस्तके विकावी लागली आणि 1871 साली ते गरिबीत वारले. या माणसाचे ऋण कोणी नाकारणार नाही. तरीही तो संग्रह उघडला की एक गोष्ट मनाला लागते: बहुतेक कथा कोणी सांगितल्या, त्याची नोंद नाही. कथा आहे, प्रांताचे नाव कधी असते, सांगणारी बाई मात्र नाही. वुक कराजिच यांनी तर गीतांचे दोन भागच केले, वीरगीते आणि बायांची गीते, आणि दुसऱ्या भागात तरुण पुरुषही म्हणत असलेली प्रेमगीतेसुद्धा घातली. तुर्कांविरुद्धच्या कोसोवोच्या लढाईवरची काही अत्यंत सुंदर वीरगीते त्यांना ग्रगुरेवत्सी गावच्या एका अंध स्त्रीकडून मिळाली, आणि ती साहित्याच्या इतिहासात बहुतांशी ‘ग्रगुरेवत्सीची आंधळी’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्याकडेही संग्रहाच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव ठळक असते आणि गाणारणींसाठी प्रस्तावनेत ‘खेड्यापाड्यांतील माताभगिनी’ एवढाच उल्लेख असतो.

ही उणीव पुढच्या पिढीने भरून काढली. रशियन अभ्यासक मार्क अझादोव्स्की यांनी 1915 साली सायबेरियात, लेना नदीच्या वरच्या अंगाच्या खेड्यांत, नतालिया विनोकुरोवा नावाच्या शेतकरी बाईच्या कथा लिहून घेतल्या आणि 1926 साली तिच्यावर जर्मन भाषेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिने पूर्वी शहरात घरकाम केले होते. तिच्या कथांत मालकांची घरे, वागण्या-बोलण्याच्या रीती आणि माणसांच्या मनातली हालचाल फार बारकाईने येते. जादूपेक्षा तिला माणसांचे चेहरे आणि हावभाव यांत अधिक रस आहे. तीच कथा दुसऱ्या गावच्या दुसऱ्या बाईने सांगितली असती, तर ती वेगळी झाली असती. कथा परंपरेची असते आणि सांगणारीचीही असते, ही गोष्ट अझादोव्स्कींनी एका नावानिशी, एका गावानिशी आणि एका आयुष्यानिशी दाखवून दिली. मी विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवत असे आणि मग त्यांना आपल्याच गल्लीतली अशी एक बाई शोधायला सांगत असे. तिने मजुरी कुठे केली, लग्न होऊन कोणत्या गावाहून आली, कोणती गाणी माहेरची आणि कोणती सासरची, हे सारे त्यांनी लिहून आणायचे. त्या वह्या मी वाचल्या आहेत. वरोऱ्याकडून दारव्ह्याकडे दिलेली एक बाई हळदीची गाणी दोन चालींवर म्हणते, कारण एक चाल आईची आहे आणि एक सासूची, अशी नोंद कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

आता इरिना फेदोसोवा या बाईविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या भागाशी तिचा संबंध मला सर्वांत जवळचा वाटतो. रशियाच्या उत्तरेला, कारेलियाच्या प्रदेशात, लग्नात आणि मरणात विलापगीते म्हणणाऱ्या बाया असत आणि त्यांना लांबून बोलावणी येत. नवरी सुखाने नांदायला जात असली तरी माहेरचा उंबरा सोडताना तिने विलाप म्हणायचाच, हा विधीचा भाग होता. फेदोसोवा निरक्षर होती. पेत्रोझावोद्स्कच्या धर्मविद्यालयातले शिक्षक बार्सोव यांची 1867 साली तिच्याशी गाठ पडली आणि तिच्या विलापांचा पहिला खंड 1872 साली छापला गेला. कवी नेक्रासोव यांनी आपल्या दीर्घकाव्यातल्या शेतकरी बाईच्या तोंडी घातलेल्या दुःखाला या विलापांचा आधार आहे. 1896 साली निझ्नी नोवगोरोदच्या प्रदर्शनात म्हातारपणी तिने लोकांसमोर विलाप म्हटले, तेव्हा श्रोत्यांत लेखक मक्सिम गॉर्की होते आणि त्यांनी त्याविषयी भारावून लिहिले. तिच्या विलापांत नुसते रडणे नाही. गावचा मुखिया वारल्यावर म्हटलेल्या विलापात ती सरकारी अधिकाऱ्याच्या जुलमाचे नाव घेऊन त्याला शिव्याशाप देते, आणि सैन्यात सक्तीने भरती केलेल्या मुलांवरच्या विलापांचा तर पुढे 1882 साली वेगळा खंडच निघाला. मेलेल्याच्या उशाशी बसलेली बाई जे बोलते ते त्या काळाचे कागदपत्र असते.

आपल्या भागात मुलीच्या पाठवणीला आणि मयताच्या दारात बाया हेल काढून रडतात. शिकलेल्या लोकांना ते ऐकायला संकोच वाटतो आणि आता तरुण मुलींनाही वाटू लागला आहे. पण कान देऊन ऐकले तर त्या रडण्यात शब्द असतात, शब्दांना चाल असते आणि त्या चालीत त्या घराची सगळी कैफियत असते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, त्या जिल्ह्यात विधवा झालेल्या बाईने दारात बसून कोणाला काय विचारले, कोणत्या कर्जाचे, कोणत्या मोडलेल्या हंगामाचे नाव घेतले, हे अहवालांच्या आकड्यांत येत नाही. त्या बाईच्या दुःखाच्या वेळी तिच्यासमोर फोन धरून ध्वनिमुद्रण करावे, असे मी चुकूनही म्हणत नाही. ते अमानुष होईल. मात्र काळ गेल्यावर, तिची इच्छा असेल तर, तिच्या शेजारी बसून आणि तिची संमती घेऊन ते शब्द लिहून घेणे शक्य आहे, आणि हे काम परगावच्या संशोधकापेक्षा त्याच गावातली, तिला काकू किंवा आजी म्हणणारी मुलगी अधिक हळुवारपणे करू शकते.

पत्रलेखकाने परीकथांना पोरखेळ म्हटले आहे, त्यावरही लिहिले पाहिजे. अफनास्येव यांच्या संग्रहातली वासिलिसा या सुंदर मुलीची कथा मी दर वर्षी वर्गात सांगत असे. मरताना आई तिला एक बाहुली आणि आशीर्वाद देते, सावत्र बहिणी तिला विस्तव आणायला रानात पाठवतात आणि ती तिथल्या झोपडीत राहणाऱ्या बाबा यागा या चेटकिणीच्या दारी येते. कुंपण माणसांच्या हाडांचे आणि त्यावर कवट्या. बाबा यागा तिला राक्षसी शिक्षा देत नाही, घरातलीच कामे देते: अंगण झाडायचे, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, गव्हातला केरकचरा निवडायचा, खसखशीतली माती वेगळी करायची. शेवटी वासिलिसा घरी येते, अतिशय तलम कापड विणते, आणि त्या कापडाचे सदरे तिच्याशिवाय कोणाला शिवता येत नाहीत म्हणून राजापर्यंत पोहोचते. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 साली अशा शंभर कथा तपासून त्यांच्या रचनेत एकतीस क्रिया ठरावीक क्रमाने येतात, असे दाखवले. घर सोडणे, मनाई, मनाई मोडणे, परीक्षा घेणाऱ्याची भेट, जादूच्या वस्तूची प्राप्ती. पुढे 1946 साली त्यांनी बाबा यागाचा संबंध मृतांच्या जगाच्या वेशीशी आणि वयात येणाऱ्यांच्या प्राचीन दीक्षाविधींशी जोडला. प्रॉप यांचा तक्ता फळ्यावर मांडून माझ्या विद्यार्थ्यांनी आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या कहाण्या त्यात बसवून पाहिल्या. कुठे बसल्या, कुठे बसल्या नाहीत. जिथे बसल्या नाहीत तिथे चर्चा सर्वांत चांगली झाली: आपल्या कहाणीत नायिकेला जादूची वस्तू क्वचितच मिळते, तिला वसा मिळतो, आणि उतलीस-मातलीस की तो जातो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुली या तासाला बोलत, कारण धान्य निवडण्याच्या कामाविषयी त्यांना बोलता येत होते.

साम्ये आणखी पुष्कळ आहेत. रशियन आणि युक्रेनियन खेड्यांत शुक्रवारची देवता मानल्या गेलेल्या संत पारास्केवा यांच्या धाकाने बाया त्या दिवशी सूत कातत नसत. इकडे श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा होते आणि नागपंचमीला चिरणे-कापणे, नांगरणे वर्ज्य असते. तिकडे कातण्यासाठी एकत्र जमून बाया-मुली रात्री जागवत, तिथेच गाणी आणि कथा पुढच्या पिढीकडे जात, आणि गिरण्यांचे कापड आल्यावर त्या बैठकी हळूहळू मोडल्या. आपल्याकडे पिठाच्या गिरण्या आल्या, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीचा आधार सुटला. दळण्याच्या कष्टातून बाया सुटल्या याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्या कष्टाबरोबर जे कवित्व जाऊ पाहत आहे ते सांभाळणे आपली जबाबदारी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि आज त्या गाणारणींच्या नावांसह लोकांपुढे येत आहेत. विदर्भाच्या प्रत्येक जिल्ह्यात असे काम उभे राहायला हवे.

एका धोक्याची सूचनाही स्लाव्हिक अभ्यासातूनच मिळते. पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरची मार्फा क्र्युकोवा ही मोठ्या परंपरेतली गायिका होती. स्तालिनच्या काळात लेखकांच्या मदतीने तिच्याकडून जुन्या वीरगीतांच्या थाटात लेनिन आणि स्तालिन यांच्यावर गीते रचून घेण्यात आली, तिला मानसन्मान मिळाले आणि आज ती गीते कोणी गात नाही. आपल्याकडे महिला मेळाव्यांत एखाद्या योजनेचे नाव ओवीत बसवून गायला लावतात आणि त्यालाच लोककलेचे संवर्धन म्हणतात, तेव्हा मला मार्फाची आठवण होते. बायांना विषय देऊ नयेत. त्यांना जे म्हणायचे आहे ते ऐकावे.

वेळ थोडा आहे, हेही तिकडच्या अनुभवावरून सांगता येते. युक्रेन आणि बेलारूसच्या सीमेवरच्या पोलेसिये या दलदलीच्या प्रदेशात निकिता तोलस्तोय या भाषाभ्यासकाने 1962 पासून अभ्यासदौरे काढले. गावोगाव एकच प्रश्नावली घेऊन त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी म्हाताऱ्या बायांकडून विधी, समजुती, गाणी लिहून घेत. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला, त्या पट्ट्यातली अनेक गावे कायमची उठली आणि आधी केलेल्या नोंदी तेवढ्या उरल्या. विदर्भात गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणींनी गावे हलवली, मेळघाटात व्याघ्रप्रकल्पासाठी गावांचे पुनर्वसन झाले. त्या गावांतल्या बायांची गाणी, आणि त्यांत गोंडी, कोरकू, कोलामी आणि झाडीबोलीतलीही गाणी, मूळ भाषेत, मराठीचा साज न चढवता लिहून ठेवणे आजही शक्य आहे, कारण ती गाणारी पिढी अजून आहे.

यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्पासाठी श्रेयांक आहेत. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांनी त्यांत ‘एका स्त्रीकथकाचा किंवा गायिकेचा अभ्यास’ हा पर्याय स्पष्ट शब्दांत ठेवावा, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत स्लाव्हिक कथा आणि विलाप यांचा एक घटक मराठी अनुवादातून ठेवावा. नोंदी जपण्याचे ठिकाण म्हणून मला रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ योग्य वाटते. तेराव्या शतकात याच रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात महदंबेने विदर्भकन्या रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे म्हटले, आणि मराठीतली आद्य कवयित्री लग्नाच्या गाण्यांतून आपल्याला मिळाली. महानुभावांनी तिचे नाव लिहून ठेवले म्हणून ते आज आपल्याजवळ आहे. राहिला रोजगाराचा प्रश्न: मुलाखत घेणे, ऐकलेले अचूक उतरवणे, ध्वनिमुद्रणाची नोंद ठेवणे, अनुवाद करणे ही कौशल्ये आकाशवाणी, वृत्तपत्रे, अनुवादाची कामे आणि सर्वेक्षणे या सर्व ठिकाणी लागतात, आणि माझ्या काही विद्यार्थिनी त्यावर आज कमावत आहेत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. भाद्रपद पौर्णिमा जवळ आली आहे आणि गावोगाव भुलाबाई बसेल. त्या दिवसापासून कोजागिरीपर्यंत आपल्या जिल्हा पुरवणीत रोज एका गाणारणीसाठी थोडी जागा द्यावी: तिच्याकडून ऐकलेले एक गाणे तिच्याच बोलीत, आणि त्याखाली तिची संमती असेल तर तिचे पूर्ण नाव, वय, माहेर आणि सासर. मजकूर पाठवायला परिसरातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी तयार होतील, आणि पहिल्या काही नोंदी तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी प्राध्यापिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ